काळोखातले डोळे

चक्कर या एका शब्दात मराठी माणूस किती गोष्टी कोंबतो! खोली गरगर फिरते ती चक्कर, अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते ती चक्कर, चालताना होडीत उभं असल्यासारखं झुलतं तीही चक्कर, आणि उपासाच्या दिवशी घेरी येते ती तर चक्करच. त्यामुळे तोलाची तपासणी कुठल्याही यंत्राच्या आधी या शब्दापाशी सुरू होते. 'चक्कर' न म्हणता सांगा काय होतं, असं विचारलं की माणूस अडखळतो. आज म्हणतो फिरतं, उद्या म्हणतो हलकं वाटतं. म्हणून कसं वाटतं यापेक्षा दोन प्रश्न जास्त भरवशाचे: किती वेळ टिकतं, आणि कशाने सुरू होतं.

कूस बदलली, वलाणीवर कपडे टाकायला किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली आणि अर्धा-एक मिनिट घर फिरलं, तर अंतर्कर्णातले कण जागचे हलले असावेत. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत गरगर, सोबत एका कानात दडा, आवाज, ऐकू कमी, तर मेनिएर या अंतर्कर्णाच्या आजाराचा विचार. अचानक सुरू होऊन दिवसेंदिवस न थांबणारी गरगर असेल तर तोलाच्या नसेला सूज, किंवा मेंदूतला झटका, आणि या दोहोंतला फरक त्याच दिवशी ओळखावा लागतो. इथे एक चूक फार होते. रुग्ण म्हणतो, 'दिवसभर चक्कर असते'. खोदून विचारलं तर कळतं की फिरणं तीस सेकंदांचंच होतं. दिवसभर राहिली ती मळमळ, जडपणा आणि पुन्हा होईल की काय ही भीती. नेमकं फिरणं किती वेळ, हे वेगळं विचारलं नाही तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या दारावर टकटक करत राहते.

कान तपासायचा तर आम्ही डोळ्यांत का पाहतो, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि तो अगदी रास्त आहे. अंतर्कर्ण कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात पुरलेला. आत वाटाण्याएवढ्या जागेत तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी काटकोनात, द्रवाने भरलेल्या. शेजारी दोन पिशव्या, त्यांत चुन्याच्या बारीक कणांचा थर. डोकं वळलं की नलिकेतला द्रव मागे राहतो, एक मऊ पडदा वाकतो, आणि दहा मिलिसेकंदांच्या आत डोळा डोक्याच्या उलट दिशेला तेवढाच सरकतो. करून बघा. हा मजकूर डोळ्यांसमोर धरून फोन पटापट डावीउजवीकडे हलवा, अक्षरं विरघळतील. आता फोन स्थिर ठेवून डोकं तितक्याच वेगाने हलवा; अक्षरं जागच्या जागी राहतील. या दोहोंत जो फरक आहे तो तुमच्या कानाचा. डोळे हे कानाच्या घड्याळाचे काटे आहेत. आतलं यंत्र उघडता येत नाही, काटे मात्र वाचता येतात.

एका बाजूचा कान कमजोर झाला की दोन्ही बाजूंचा हिशेब जुळत नाही. डोळे कमजोर बाजूकडे हळू ओढले जातात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा ओढले जातात, पुन्हा झटका. याला निस्टॅगमस म्हणतात. अडचण अशी की डोळ्यांना समोर रोखून पाहायला काही मिळालं तर कानातून आलेला हा निस्टॅगमस दबतो. उजेडात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहणाऱ्या रुग्णाचे डोळे शांत दिसतात आणि डॉक्टर 'काही नाही' असं लिहून मोकळे होतात. म्हणून काळोख लागतो. यंत्र असेल तर झाकलेला चष्मा आणि आत इन्फ्रारेड कॅमेरा. नसेल तर वीस डायॉप्टरच्या भिंगांचा फ्रेंझेल चष्मा, ज्यातून रुग्णाला नीट दिसत नाही पण आपल्याला त्याचा डोळा मोठा दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यात तोही नसतो, आणि तरीही अडून बसायचं कारण नाही. रुग्णाच्या नाकासमोर कोरा पांढरा कागद धरून बाजूने डोळे बघावेत. किंवा एक डोळा तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्याचा पडदा ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहायचा; बारीकसा निस्टॅगमससुद्धा तिथे दिसतो. फक्त ध्यानात ठेवायचं की डोळ्याच्या मागच्या भिंतीची हालचाल पुढच्या बुबुळाच्या उलट दिसते. हे विसरलं की आजारी कान बदलतो.

यंत्रावरची तपासणी असेल तर आदल्या दिवशीची तयारी निम्मं काम करते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या, म्हणजे सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोक्लोरपेराझिन वगैरे, साधारण २४ ते ४८ तास आधी थांबवाव्या लागतात, कारण त्या नेमकं तेच दाबतात जे आपल्याला पाहायचं आहे. हे सांगताना रक्तदाबाच्या, फिटच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. 'गोळ्या बंद' एवढंच ऐकून सगळंच थांबवणारी माणसं असतात. दोन दिवस मद्य नको. मद्य नलिकेतल्या पडद्यात द्रवाच्या आधी शिरतं, पडदा काही तास हलका होतो, आणि निरोगी माणसातही कुशीवर झोपल्यावर निस्टॅगमस दिसतो. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको, दोन-तीन तास आधी हलकं खाणं पुरे. आणि काजळ नको, मस्कारा नको. कॅमेरा बाहुलीचा काळा गोळा शोधत असतो. काजळाची रेघ काळीच असल्याने तो तिलाच बाहुली समजतो आणि पडद्यावरची रेषा उड्या मारू लागते. काजळ आदल्या रात्री तेलाने पुसून यावं असं फोनवरच सांगितलं, तर दोघांचाही अर्धा तास वाचतो.

खोलीत आल्यावर आधी कानात डोकवायचं: मळ असेल तर काढायचा, पडद्याला भोक असेल तर नोंदवायचं. मग रक्तदाब, पाच मिनिटं आडवं ठेवून आणि उभं केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर कानाकडे जाण्याआधी तिथे थांबायला हवं.

डिक्स-हॉलपाईक ही जागचे हललेले कण शोधायची, १९५२ साली मांडलेली तपासणी. तिला एक खाट आणि दोन मिनिटं लागतात, आणि तरी ती टाळली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. चक्करवाल्या माणसाच्या मानेचा एक्स-रे निघतो. चाळिशीपुढच्या मानेत काही ना काही झीज दिसतेच. मग मणक्याचा आजार म्हणून गळ्यात पट्टा येतो. महिनोन्‌महिने पट्टा घालून फिरणाऱ्या कितीतरी जणांना एकदा नीट आडवं करून कुणी डोळे पाहिलेले नसतात.

पद्धत अशी. रुग्णाला खाटेवर पाय लांब करून असं बसवायचं की आडवं केल्यावर डोकं काठाबाहेर येईल, किंवा खांद्यांखाली उशी येईल. मान उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवायची. तसंच वळलेलं ठेवून झटकन आडवं करायचं, डोकं वीस-तीस अंश खाली लोंबेल इतकं. डोळे उघडे. हे 'डोळे उघडे' शंभरदा बजावावं लागतं, कारण गरगर सुरू होताच माणूस पापण्या घट्ट मिटतो आणि पाहायचं होतं तेच झाकलं जातं. आधी सांगून ठेवावं: चक्कर येईल, मी मुद्दाम आणणार आहे, मिनिटाच्या आत ती जाईल, माझा हात धरून ठेवा, मी सोडणार नाही. मग थांबायचं. पहिले काही सेकंद काहीच होत नाही, आणि घाईचा तपासनीस इथेच रुग्णाला उठवून बसवतो. कण द्रवातून खाली घसरायला वेळ घेतात. मग डोळे कपाळाकडे झटके देत खालच्या कानाच्या दिशेने पिळल्यासारखे फिरू लागतात, वेग चढतो, ओसरतो, साठ सेकंदांच्या आत थांबतो. उठवून बसवलं की उलट दिशेने थोडा वेळ पुन्हा. लगेच परत केली तर दुसऱ्यांदा कमी दिसतं. म्हणून आधी तीन जणांनी तपासून पाहिलेल्या रुग्णात चौथ्याला काही न दिसणं शक्य आहे. ज्या बाजूचा संशय कमी ती बाजू आधी करावी, म्हणजे रुग्णाचा धीर टिकतो. मान खरोखरच दुखरी असेल किंवा पाठीत बाक असेल तर लोंबकळवण्याचा हट्ट नको. कुशीवर टाकूनही हीच नलिका तपासता येते.

इथे काहीच न दिसता रुग्ण मात्र 'कुशीवर वळलं की फिरतं' हेच सांगत असेल, तर आडवी नलिका तपासायची: उताणं झोपवून डोकं तीस अंश उचलायचं आणि एकेका बाजूला नव्वद अंश वळवायचं. यात डोळ्यांचे झटके आडवे असतात. कणांचा आजार सापडला तर त्याच खाटेवर, डोकं पायरीपायरीने फिरवून आणि प्रत्येक पायरीवर अर्धा ते एक मिनिट थांबून, कण पुन्हा पिशवीत उतरवता येतात. डिक्स-हॉलपाईकमध्ये सापडलेल्या कणांसाठीच्या त्या पद्धतीला एप्ली म्हणतात. तपासणीला जोडून उपचार, तोही गोळीशिवाय, असं वैद्यकात फार ठिकाणी होत नाही. मात्र लोंबलेल्या डोक्यात झटके ताबडतोब सुरू झाले, हनुवटीकडे जात राहिले आणि थांबलेच नाहीत, तर कणांवर समाधान मानू नये; मेंदूची तपासणी हवी.

डोकं झटकन वळवून पाहायची तपासणी हॅल्मॅगी आणि कर्थॉईस यांनी १९८८ साली मांडली. रुग्ण तपासणाऱ्याच्या नाकावर नजर रोखतो. त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून, मान सैल झाल्याची खात्री करून, दहा-वीस अंशांचा छोटा पण चपळ झटका द्यायचा, कोणत्या बाजूला हे त्याला कळू न देता. कान धड असेल तर नजर नाकावर चिकटून राहते. नसेल तर नजर डोक्याबरोबर वाहते आणि मग उडी मारून परत येते. ती उडी म्हणजे उत्तर. हळू वळवलं तर डोळे इतर मार्गांनी सावरून घेतात आणि मेलेला कानही जिवंत भासतो. कॅमेऱ्याच्या चष्म्यावर हेच आकड्यात मिळतं: डोळ्याचा वेग भागिले डोक्याचा वेग, एकच्या आसपास चांगलं, आडव्या नलिकेत ०.८ आणि उभ्या नलिकांत ०.७ च्या खाली कमजोर. जुन्या आजारात रुग्णाचा मेंदू ती उडी डोकं हलत असतानाच उरकायला शिकतो. उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. पण कॅमेराही फसतो. तेल लावलेल्या केसांवर चष्म्याचा पट्टा घसरतो, तपासणाऱ्याचा अंगठा पट्ट्याला लागतो, चष्मा कातडीवर सरकतो, आणि आकडा १.३ वगैरे येतो. असा आकडा दिसला की कानाचं कौतुक न करता पट्टा आवळावा.

या तपासणीत एक उलटी खूण आहे, आणि ती माहीत नसणं जिवावर बेततं. रुग्णाला तासन्‌तास सतत गरगर, उलट्या, डोळ्यांत निस्टॅगमस, आणि झटक्याची तपासणी मात्र अगदी निर्दोष. इतर कुठल्याही आजारात निर्दोष म्हणजे आनंदाची बातमी. इथे त्याचा अर्थ असा की कान आणि त्याची नस शाबूत आहे, बिघाड मागच्या मेंदूत आहे. डावीकडे पाहिल्यावर डावीकडे आणि उजवीकडे पाहिल्यावर उजवीकडे उलटणारा निस्टॅगमस, किंवा एकेक डोळा आळीपाळीने झाकताना उघडणाऱ्या डोळ्याची वरखाली सरकण, किंवा वर सांगितलेली निर्दोष तपासणी, या तिघांपैकी एक जरी दिसलं तरी तो मेंदूचा झटकाच समजून रुग्णाला पाठवायचं. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा असा छोटा झटका चुकवू शकतो. सरावलेल्या हातांना हे तीन प्रश्न तेव्हाही उत्तर देतात, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. पण ही त्रयी फक्त त्या क्षणी गरगरत असलेल्या माणसासाठी आहे. चक्कर येऊन गेलेल्या, आता ठीक बसलेल्या माणसात झटक्याची तपासणी निर्दोषच येणार. तिच्यावरून त्याला मेंदूचा झटका ठरवणं ही हल्ली वाढत चाललेली चूक आहे.

दोन्ही कान एकदम गेले तर गंमत अशी की चक्कर येतच नाही. दोन्ही पारडी सारखी रिकामी, मग ओढ कुठल्या बाजूला असणार? जेंटामायसिनच्या इंजेक्शनांनंतर, क्षयरोगात दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिननंतर हे होऊ शकतं, आणि ऐकू मात्र नीट येत असतं. माणूस सांगतो की चालताना समोरची माणसं, दुकानांच्या पाट्या हलतात. रात्री दिवे गेले की पाय कुठे पडतो कळत नाही. शेताच्या बांधावरून अंधारात जाता येत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते. असं ऐकलं की नजरेचा तक्ता भिंतीवर लावावा. आधी स्थिर डोक्याने वाचायला सांगावं, मग डोकं सेकंदाला दोनदा हलवत. दोन ओळींपेक्षा जास्त खाली घसरण झाली तर संशय पक्का. या तपासणीचा खर्च शून्य आहे, आणि इंजेक्शनं चालू असताना ती केली तर औषध वेळीच बदलता येतं.

पाय जुळवून, हात छातीशी बांधून, डोळे मिटून तीस सेकंद उभं राहण्याची रॉम्बर्ग तपासणी सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे तिला कानाची समजतात. टणक फरशीवर ती मुख्यतः पायांच्या जाणिवेची परीक्षा आहे. पायांकडून येणारी खबर पुसट करायला जाड फोमची गादी ठेवली आणि डोळे मिटायला लावले की मगच तोल कानावर येऊन पडतो. मधुमेही माणूस फरशीवरच डोलू लागला तर आधी त्याच्या अंगठ्याला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून बघावा. मागे एक माणूस झेलायला उभा हवा. ही सूचना फुटकळ वाटते, पण पडलेल्या म्हातारीच्या खुब्याचं हाड कुठल्याही अहवालापेक्षा महाग असतं. पिशव्यांची तपासणी, जिला व्हेम्प म्हणतात, मोठ्या आवाजाच्या ठोक्याने मानेच्या आणि डोळ्याखालच्या स्नायूत उमटणारी लहर मोजते. मानेचा स्नायू नीट ताणलेला नसेल तर लहर मिळत नाही, आणि दोष कानाला लागतो.

राहिली पाण्याची तपासणी, जुनी आणि माझ्या मते अजूनही सगळ्यांत शहाणी. व्हिएन्नातले रॉबर्ट बारानी कान धुवायचे. पाणी गार असलं की रुग्णाला गरगरायचं आणि डोळे एका दिशेला झटके द्यायचे. पाणी जास्त गरम झालं की दिशा उलटायची. यातून त्यांनी ओळखलं की आतला द्रव भांड्यातल्या पाण्यासारखा तापतो आणि वर चढतो. या कामाला १९१४ सालचं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९१६ मध्ये स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने सुटले. पुढे १९८३ मध्ये अवकाशात, जिथे गरम द्रव वर चढू शकत नाही, तिथेही ही तपासणी डोळे हलवून गेली. म्हणजे बारानींचं स्पष्टीकरण हे पूर्ण उत्तर नव्हतं. जमिनीवर मात्र ते आजही कामाला येतं.

रुग्णाला उताणं झोपवून डोकं तीस अंश उचलतात, कारण आडवी नलिका उभ्या माणसात तीस अंश चढलेली असते. असं निजवलं की ती सरळ उभी राहते आणि तापलेल्या द्रवाला चढायला वाट मिळते. उशी सपाट झाली तर प्रतिसाद घटतो. पाणी ३० आणि ४४ अंश सेल्सियस, अंगाच्या तापमानाच्या सात खाली, सात वर. सुमारे २५० मिलिलिटर, तीस सेकंद. हवा वापरली तर २४ आणि ५० अंश, साठ सेकंद. पडद्याला भोक असेल तर पाणी वर्ज्य. हवाही जपून, कारण ओलसर कानात गरम हवेने बाष्पीभवन होऊन उलट गारवा येतो आणि झटके उलट्या दिशेला जातात. चार वेळा: उजवा गरम, डावा गरम, उजवा गार, डावा गार, प्रत्येकानंतर निदान पाच मिनिटं विश्रांती. ती विश्रांती कापली की आधीचा निस्टॅगमस पुढच्यात मिसळतो.

गरम पाण्याने झटके त्याच कानाकडे, गारने समोरच्या कानाकडे, आणि जोर साधारण मिनिट-दीड मिनिटाला शिगेला. त्या वेळचा डोळ्यांच्या संथ ओढीचा वेग मोजतात. समजा उजव्या कानाचे २२ आणि १८, डाव्याचे ९ आणि ७ अंश प्रतिसेकंद आले. चाळीस वजा सोळा, चोवीस. भागिले एकूण छप्पन्न. म्हणजे डावा कान त्रेचाळीस टक्के कमजोर. वीस-पंचवीसच्या पुढे ते खरं मानतात. पण चारांपैकी एकच आकडा बाकीच्यांशी फटकून असेल तर आधी पाण्याच्या धारेवर संशय घ्यावा; ती कानाच्या भिंतीवर गेली असेल, पडद्यावर नाही. मेनिएरमध्ये पाण्याने कान कमजोर आणि डोक्याच्या झटक्याने धड, असं वारंवार दिसतं. दोन्ही खरे असतात. पाणी अतिशय संथ हालचालीची परीक्षा घेतं, झटका वेगवान हालचालीची. एकाच कानाला विचारलेले दोन वेगळे प्रश्न आहेत ते.

काळोखात पडलेल्या माणसाला झोप येते किंवा तो आत मिटून जातो, आणि मग डोळे शांत होतात. म्हणून त्याला बोलतं ठेवायचं. शंभरातून सात-सात वजा करायला लावणारे असतात. शाळा लवकर सुटलेल्या आजीला त्याने फक्त धास्ती वाटते. तिला नातवंडांची नावं विचारावीत, माहेरच्या गावाच्या वाटेवरची गावं विचारावीत, पुरणपोळीला काय काय लागतं ते विचारावं. तिचा आवाज चालू राहिला की डोळेही चालू राहतात.

आणि झटके भरात असताना शेवटची गोष्ट. चष्म्याच्या आत एक लहान दिवा लागतो. मेंदू शाबूत असेल तर त्या ठिपक्यावर नजर टेकताच झटक्यांचा वेग निम्म्याहून खाली येतो. आला नाही तर लघुमेंदूकडे पाहावं लागतं. दहा-पंधरा सेकंदांची ही पायरी घाईत गाळली जाते. ती गाळू नये, कारण तिच्यात मोजमाप आहे आणि रुग्णाचा विसावाही. चार वेळा मुद्दाम गरगरवलेल्या माणसाला आपण प्रत्येक वेळी हळू आवाजात सांगतो, 'आता दिव्याकडे बघा', आणि खोली त्याच्यासाठी थांबते.